विश्लेषण : वजनकाटा म्हणतो ‘नॉर्मल’, तरी हृदयाला धोका कसा? बोईसर-तारापूरच्या कामगारांनी कंबर का मोजावी?

कंपनीची वार्षिक तपासणी असो, कॉलनीतले मोफत शिबिर असो की मेडिकलबाहेर ठेवलेला वजनकाटा, पालघर-बोईसर पट्ट्यात वजन मोजून घेणे अवघड नाही. उंचीच्या मानाने आकडा ठीक आला की माणूस निश्चिंत होतो. पण हृदयविकाराच्या बाबतीत हा दिलासा अनेकदा फसवा ठरतो. शरीराचे वजन किती, यापेक्षा त्या वजनात चरबी किती, स्नायू किती आणि ती चरबी नेमकी कुठे साठली आहे, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. भारतीय शरीरासाठी तर ते अधिकच महत्त्वाचे आहेत, हे पुण्यातल्या संशोधनाने तीस वर्षांपासून दाखवून दिले आहे. त्याचा पालघर जिल्ह्याशी काय संबंध, हे समजून घेऊ.

वजन बरोबर असूनही गडबड कशी असू शकते?

समजा, तारापूर औद्योगिक वसाहतीत दोन कामगार आहेत. दोघांचीही उंची १७० सेंटीमीटर. पहिला कंट्रोल रूममध्ये बसून काम करतो. वजन ६४ किलो. हातपाय बारीक, पोट मात्र पुढे आलेले, कंबर ९४ सेंटीमीटर. दुसरा गोदामात माल चढवतो-उतरवतो. वजन ७८ किलो. खांदे-मांड्या भरलेल्या, कंबर ८४ सेंटीमीटर.

वजन आणि उंचीच्या हिशेबाने, म्हणजे बॉडी मास इंडेक्सने (बीएमआय) पाहिले तर पहिल्याचा आकडा येतो २२.१, दुसऱ्याचा २७. भारतीयांसाठीच्या निकषांनुसार २३ पर्यंत ‘नॉर्मल’, २३ ते २५ जास्त वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा. म्हणजे कागदावर पहिला तंदुरुस्त आणि दुसरा लठ्ठ. डॉक्टरांनी मात्र फक्त हे आकडे पाहून एकाची जास्त काळजी करायची ठरवली, तर ती पहिल्याची करायला हवी.

बीएमआय चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, अपुरा आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केटले यांनी मांडले. त्यांना लोकसंख्येचा सरासरी माणूस शोधायचा होता, एखाद्याच्या हृदयाचे भविष्य सांगायचे नव्हते. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तर १९७२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी दिले.

लाखो लोकांचा ढोबळ अंदाज घ्यायला हे सूत्र उपयोगी आहे. पण काट्यावर उभ्या असलेल्या एका माणसाच्या वजनात चरबीचा वाटा किती, हे त्याला कळत नाही. एक किलो स्नायू आणि एक किलो चरबी त्याच्या दृष्टीने सारखेच.

आशियाई लोकांना कमी बीएमआयवरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, हे लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २००४ मध्ये आशियासाठी २३ आणि २७.५ असे वेगळे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपले निकष ठरवले. त्यातच कंबरेची मर्यादाही आली : पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर, महिलांसाठी ८० सेंटीमीटर.

‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणजे काय?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभर टिपण प्रसिद्ध केले. सोबत दोघांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात.

काटा सारखा, शरीरे वेगळी. वरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशा या भारतीय ठेवणीला संशोधक ‘थिन-फॅट’ म्हणतात. आपल्याकडे ‘अंगाने बारीक, पण पोट सुटलंय’ असे सहज म्हटले जाते, तेच हे.

पोटाची चरबी वेगळी का ठरते?

चरबी म्हणजे केवळ साठवण नव्हे. ती रसायने आणि संप्रेरके सोडणारा जिवंत अवयव आहे. ती कुठे साठते, त्यावर तिचे वागणे ठरते.

त्वचेखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, तुलनेने निरुपद्रवी असते. जास्तीची ऊर्जा ती सुरक्षितपणे धरून ठेवते. ही कोठारे भरली, की चरबी आत सरकते. आतडी, यकृत, स्वादुपिंड यांच्याभोवती आणि हृदयाच्या आवरणालगतही साठू लागते. हिला व्हिसरल फॅट म्हणतात.

आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले पोर्टल शिरेवाटे थेट यकृतात पोहोचतात. यकृतात चरबी वाढते, ते इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि रक्तात ट्रायग्लिसराइड सोडत राहते. चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घटते. एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात, ते धमनीच्या भिंतीत सहज शिरतात. शिवाय ही चरबी सूज वाढवणारी द्रव्ये सोडते, रक्तदाबही वाढतो. हे सारे वर्षानुवर्षे चालते आणि धमनीत थर साचत जातो. एके दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो.

याला पुरावा काय?

कॅनडात काम करणारे भारतीय वंशाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत ‘इंटरहार्ट’ हा अभ्यास झाला. त्यातील सुमारे २७ हजार जणांच्या मोजमापांचे विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंबर आणि नितंब यांच्या घेराचे गुणोत्तर हे हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा किती तरी अधिक घट्ट जोडलेले आढळले.

याच अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. दक्षिण आशियाई लोकांत पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ होते, इतर देशांत ते ५८.८ होते. म्हणजे जवळपास सहा वर्षे आधी, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असतानाच.

देशाचे चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसते. १५ ते ४९ वयोगटात बीएमआय २५ किंवा अधिक असलेल्या महिला २४ टक्के आणि पुरुष २२.९ टक्के होते. पण कंबर-नितंब गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर असलेल्या महिला ५६.७ टक्के आणि पुरुष ४७.७ टक्के निघाले. काट्याला चारातला एक जण सापडतो, टेपला दोनातला एक.

स्नायूंचा हृदयाशी काय संबंध?

जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने सर्वाधिक प्रमाणात स्नायू उचलतात. स्नायू म्हणजे साखरेचे गोदाम. गोदाम लहान असेल आणि वर्षानुवर्षे वापरात नसेल, तर साखर रक्तात रेंगाळते, इन्सुलिन वाढते आणि उरलेल्या ऊर्जेची चरबी होते. म्हणून ‘वजन कमी करा’ हा सरसकट सल्ला थिन-फॅट माणसाला पुरत नाही. जेवण तोडून त्याने चार किलो घटवले आणि त्यात दोन किलो स्नायूच गेले, तर काटा खूश होईल, शरीर नाही.

१७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या ‘प्युअर’ अभ्यासात हाताच्या मुठीची पकड मोजली गेली. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पकडीची ताकद दर ५ किलोने कमी असेल, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त होता. पकड ही एकूण स्नायूबळाची खूण आहे. केवळ मूठ आवळण्याचा व्यायाम करून धोका टळेल, असा त्याचा अर्थ नाही.

कुपोषणाचा जिल्हा आणि पोटाची चरबी, संबंध काय?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. एका बाजूला देशातले पहिले अणुवीज केंद्र आणि तारापूरची कारखानदारी, दुसऱ्या बाजूला जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे आदिवासी पाडे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. तेव्हापासून या भागाचे नाव कुपोषणाशी जोडले गेले. तिथे हृदयविकार आणि चरबीची चर्चा कशाला, असे वाटू शकते. पण दोन्हींचा धागा एकच आहे.

ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये इंग्लंडच्या हर्टफोर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदी तपासल्या. जन्मतः कमी वजनाच्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या केईएमच्या माता-पोषण अभ्यासाने याची भारतीय बाजू दाखवली. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. भारतीय बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे थिन-फॅट ठेवण पाळण्यातच दिसते.

आईच्या पोटात अन्न कमी पडले, तर वाढणारे बाळ मेंदू वाचवते आणि स्नायूंवर काटकसर करते. पुढे त्याच शरीराला रोजची बैठी नोकरी, तेल, साखर आणि भरपूर भात मिळाला, तर लहान गोदामावर मोठा माल येतो. नव्वदच्या दशकात जव्हार-मोखाड्यात जन्मलेली पिढी आज तिशीत आहे. रोजगारासाठी पाड्यांवरून बोईसर, वसईकडे येणाऱ्यांत ती आहे. विदर्भ, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहारहून तारापूरला आलेल्या अनेकांचे बालपणही टंचाईचेच होते. हे विधिलिखित नाही. पण अशा शरीरासाठी सावधगिरीची रेषा अलीकडे आखावी लागते.

यातून गरोदर मातेच्या आहाराचे महत्त्वही कळते. तिला वेळेवर पोटभर आणि सकस अन्न मिळणे, हा बाळाच्या पन्नाशीतल्या हृदयाचाही प्रश्न आहे.

रात्रपाळीने धोका वाढतो का?

वाढतो, असे पुरावे सांगतात. २० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध झाला. पाळ्यांत काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आढळला.

शरीराचे घड्याळ रात्री साखर हाताळायला तयार नसते. पहाटे तीनला चहा-बिस्किटे किंवा फरसाण खाल्ले, की तीच साखर दुपारच्या तुलनेत रक्तात जास्त चढते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोड-तळलेले खावेसे वाटते. त्यात जागे राहण्यासाठी तंबाखू, बिडी किंवा सिगारेट आली, तर धोका आणखी वाढतो. पाळी बदलणे कामगाराच्या हातात नसते. मुख्य जेवण पाळीआधी उरकणे, मध्यरात्रीनंतर शेंगदाणे-चणे, उकडलेले अंडे किंवा ताक असे हलके खाणे आणि दिवसा खोली अंधारी करून सलग झोपणे, एवढे मात्र जमू शकते. कँटीनमध्ये रात्री काय शिजते, हा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे.

स्मार्ट वजनकाट्याच्या ‘फॅट टक्के’वर विश्वास ठेवावा का?

दीड-दोन हजारांत मिळणारे हे काटे चरबी थेट मोजत नाहीत. ते विद्युतरोध मोजतात. पायातून अतिशय सौम्य, न जाणवणारा प्रवाह सोडला जातो. स्नायूंत पाणी भरपूर असल्याने त्यांतून प्रवाह सहज जातो, चरबी त्याला अडवते. या रोधात उंची, वय, लिंग आणि वजन मिसळून ॲप एका सूत्राने टक्केवारी काढते.

अडचण दोन ठिकाणी येते. प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो, म्हणजे पोटाचा भाग जवळपास सुटतोच. ‘व्हिसरल फॅट लेव्हल’ हा त्यामुळे अंदाज असतो. दुसरे, सूत्र कोणत्या लोकांच्या मापांवर बेतले, यावर उत्तर बदलते. शरीरातले पाणी कमी झाले तर चरबी जास्त दिसते. भट्टीजवळ आठ तास घाम गाळून आलेल्या माणसाचा आकडा म्हणूनच वेगळा येईल. रोज एकाच वेळी, सकाळी उपाशीपोटी मोजून दोन-तीन महिन्यांचा कल पाहावा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. पेसमेकर बसवलेल्यांनी असे काटे वापरू नयेत. अधिक अचूक मोजणी डेक्सा स्कॅनने होते, पण धोका ओळखायला बहुतेकांना तेवढ्या खर्चाची गरज नाही.

मग घरी काय मोजायचे?

शिंप्याची टेप पुरेशी आहे.

- उभे राहा, पोट आत ओढू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी ठेवा.
- सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचा. टेप रुतता कामा नये.
- कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची ५ फूट ६ इंच असेल तर ३३ इंचांच्या आत, ५ फूट २ इंच असेल तर ३१ इंचांच्या आत.
- शिवाय पुरुषांनी ९० आणि महिलांनी ८० सेंटीमीटरची मर्यादा लक्षात ठेवावी.

पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. अनेक जण पोटाखाली पँट बांधतात आणि दहा वर्षे ‘बत्तीसच’ राहतात. गरोदर महिलांना हे माप लागू नाही.

महिलांनी विशेष लक्ष का द्यावे?

पाळी सुरू असेपर्यंत महिलांची चरबी प्रामुख्याने मांड्या-नितंबांवर साठते. रजोनिवृत्तीनंतर ती पोटाकडे सरकते आणि धोका झपाट्याने वाढतो. झटक्याच्या वेळी छातीत दुखण्याऐवजी धाप, मळमळ, पाठ-जबडा दुखणे, कमालीचा थकवा अशी लक्षणे त्यांच्यात जास्त दिसतात. ‘पित्त झाले असेल’ म्हणून ती दुर्लक्षिली जातात.

मोजायला येणाऱ्या आशा सेविकांचे काय?

तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा सेविका ‘सीबॅक’ नावाचा अर्ज भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, कुटुंबातील आजार यांबरोबर कंबरेचे माप असते. महिलांना ८० ते ९० आणि पुरुषांना ९० ते १०० सेंटीमीटरला एक गुण, त्यापुढे दोन गुण. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाले, तर तपासणीला प्राधान्य मिळते. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते. अडचण अशी, की आशा दुपारी घरी येतात, तेव्हा पहिल्या पाळीचा कामगार कंपनीत आणि रात्रपाळीचा झोपेत असतो. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. त्या अर्जात वजन-उंचीशेजारी कंबरेचा एक रकाना वाढवायला यंत्र लागत नाही, खर्चही नाही.

कंबर जास्त निघाली तर?

घाबरू नका, तपासणी करून घ्या. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड प्रोफाइल. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० आणि महिलांत ५० पेक्षा कमी, तसेच वाढलेली कंबर. या पाचपैकी तीन गोष्टी आढळल्या, तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात आणि डॉक्टरांचा सल्ला टाळू नये.

पोटातली चरबी हट्टी वाटते, पण व्यायामाला ती चांगला प्रतिसाद देते. वजन फारसे न घटताही ती कमी होऊ शकते. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमछाक होईल असे चालणे किंवा सायकल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी जिम लागत नाही. बैठका, जोर, पाण्याचे कॅन उचलणेही चालते. नुसत्या पोटाच्या व्यायामाने मात्र पोट उतरत नाही.

आहारात पहिला बदल प्रमाणाचा. आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतीयांच्या ऊर्जेतील सुमारे ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा आहे. भाताचा एक वाढा कमी करून त्या जागी वाल, चवळी, मसूर, अंडे किंवा मासळी घ्यावी. प्रथिनांची शिफारस किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६४ किलोच्या माणसाला सुमारे ५३ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. सुके बोंबील प्रथिनांनी भरलेले, पण खारवलेली सुकी मासळी रक्तदाब असणाऱ्यांनी जपून खावी. नागलीची भाकरी चांगलीच, मात्र चार भाकऱ्या चारच असतात.

ज्यांचे वजन मुळातच कमी आहे, त्यांनी पोट दिसते म्हणून उपास धरू नये. त्यांना कमी खाण्याची नाही, प्रथिने आणि स्नायू वाढवण्याची गरज आहे.

केवळ कंबर आटोक्यात असली म्हणजे सुटलो का?

नाही. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, ताण आणि आनुवंशिकता हे घटक स्वतंत्रपणे धोका वाढवतात. सडपातळ माणसाने बिडी ओढली, तर धमनी त्याची कंबर विचारत नाही. वडील किंवा भावाला ५५ वर्षांआधी, आई किंवा बहिणीला ६५ आधी हृदयविकार झाला असेल, तर माप काहीही येवो, तपासणी लवकर करावी.

छातीवर दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसली, तर सोडा पिऊन वाट पाहू नये. स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करून जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. पाळी संपायला तासच उरला आहे, हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

टेप हाताशी नसेल, तर साधी सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी कापा, बरोबर मध्यावर दुमडा आणि ती दुहेरी सुतळी कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर पुढच्या साप्ताहिक सुटीला आरोग्य केंद्राची वाट धरा.